मेरेला हात लावू नका

आमच्या गावात फुटकी मेर बघून कोणी तसाच पुढे जात नाही. मेर म्हणजे शेताचा मातीचा बांध. ती कोणाचीही असो, दहा वर्षं बोलणं बंद असलेल्या भावाची असो की कोर्टात उभ्या केलेल्या शेजाऱ्याची; भोकातून पाणी जाताना दिसलं की चपला काढायच्या, चार ढेकळं घालायची, पायाने दाबायची आणि मग आपल्या वाटेला लागायचं. धन्याला सांगायचंही नाही. त्यानेही कोणी बुजवलं म्हणून विचारत फिरायचं नाही.

मला हे लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात कळलं. मी म्हापशाची, बाजारात घर, माती बघितलेली ती कुंडीतली. लग्न होऊन पेडण्याच्या ह्या खेड्यात आले आणि नवी साडी नेसून थोरल्या जावेबरोबर देवीची ओटी भरायला निघाले. वाटेत कोणाची तरी मेर फुटलेली. जावेने ओटीचं ताट माझ्या हातात दिलं, साडी खोचली आणि उतरली खाली. वर मलाच म्हणते, "बघतंस काय गो? ताट ठेव थंय आणि ढेकूळ दी." माझ्या साडीचा पार लगदा झाला. देवळात पोचेपर्यंत मी रागाने एक शब्द बोलले नाही. तीही बोलली नाही, कारण तिच्या मते त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

ह्या जावेला मी वयनी म्हणते. तिचे डोंगराच्या पायथ्याला तीन कुणगे होते, पायरीसारखे एकाखाली एक काढलेले भाताचे तुकडे. खाली सगळा कातळ, वर हातभर माती. आणि ती हातभर मातीही देवाने दिलेली नव्हती, वयनीने केली होती. चाळीस वर्षं काजूखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, झाडून आणायचा, शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या, सगळं त्या तीन तुकड्यांत नेऊन ओतायचं. माझे थोरले दीर वारले, गोठ्यातली गुरं गेली, तरी ही कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यातून पाटी भरून आणायचीच. पावसात भात, हिवाळ्यात अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी, आणि मिरची. ती माती हातात घेतली की भिजवलेल्या रव्यासारखी मऊ लागायची.

"एवढं मरमर करण्यापेक्षा दुकानातून तांदूळ आण," असं मी तिला कितीदा सुनावलं असेल! मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. गावातली निम्मी माणसं माझ्या हातचा मार खाऊन मोठी झाली, त्यामुळे सुनावायची सवय जडलेली. वयनी ऐकून घ्यायची आणि दुपारी पाटी घेऊन बाहेर पडायची.

मग कोणी तरी वरचा डोंगर कापला. माणूस बाहेरचा, आम्ही त्याला कधी पाहिलंही नाही. बंगल्यांसाठी उतार सपाट करायला जेसीबी महिनाभर चालला, मग काम बंद पडलं, का पडलं देव जाणे, आणि लाल उघडा कडा तसाच राहिला. आधी झाडांतून झिरपत यायचं ते पाणी पुढच्या पावसात लोटाने यायला लागलं. वरच्या कुणग्याची मेर त्या एका पावसात तीनदा फुटली. दोनदा वयनीने बांधली, एकदा सकाळी जाऊन बघते तर कोणी तरी आधीच बुजवून गेलेलं. पण तिचे गुडघे गेले होते. बसली की उठताना जमिनीला दोन्ही हात टेकायची आणि वर मला म्हणायची, "बघू नको गो, माका कायेक जावक नाय."

मातीची मेर आता टिकणार नाही हे तिलाच आधी कळलं. "दगडाचो गडगो होयो," ती म्हणाली. मधून पाण्याला वाट ठेवून सुक्या दगडांनी रचलेली भिंत. असा गडगा रचणारा गावात एकच म्हातारा होता, तो वारला. त्याचा मुलगा विमानतळावर नोकरीला जातो, दगडाला हात लावत नाही. बाकी गवंडी मिळतात ते सिमेंटवाले, आणि एवढ्या लांबीची भिंत बांधणं माझ्या पेन्शनीत बसणारं नव्हतं.

"सरकारच्या योजना असतात त्याला," मी म्हटलं.

हे वाक्य माझं. दुसऱ्या कोणाचा ह्यात हात नाही. पेपरात वाचलं होतं, रेडिओवर ऐकलं होतं: धूप थांबवा, माती वाचवा, अनुदान घ्या, तज्ज्ञ येऊन सल्ला देतील. वयनी म्हणाली, "आमका कोण दितलो?" मी म्हटलं, "का नाही देणार? मागता आलं पाहिजे." मास्तरीण ना मी! नीट अर्ज लिहिला की जगातलं काहीही मिळतं अशी माझी समजूत.

शेतकी ऑफिसातला माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं, कागदांची यादी दिली. यादीत पहिलाच होता एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा कागद. तो काढला तर त्यावर सोळा नावं. वयनीचं त्यात नव्हतंच. चाळीस वर्षं जिने माती केली ती कागदावर कुठेच नाही आणि ज्यांनी त्या कुणग्यात पाय ठेवला नाही ते सोळा मालक! त्यातले सहा मेलेले, दोघे मुंबईला, एक लंडनला. सगळ्यांची 'हरकत नाही' पाहिजे. मेलेल्यांचे दाखले, त्यांच्या वारसांच्या सह्या. एक चुलतदीर तर सही करायच्या आधी विचारतो, "गडगो बांधल्यार किंमत वाढतली मगो? मग आमचो वाटो?" मी त्याला माझ्या शाळेत असता तर काय केलं असतं ते तोंडावर सांगितलं. मग घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे माफी मागायला गेले, कारण सही पाहिजे होती.

दीड वर्ष गेलं त्यात. मधल्या पावसात मेर पुन्हा दोनदा फुटली, पुन्हा बांधली. मधेच एक गाडी येऊन तीन ठिकाणची माती पिशवीत भरून तपासायला घेऊन गेली. वयनीने त्या मुलीला विचारलं, "इतकीच? आणिक व्हर गो." तिला वाटलं, जास्त दिली तर जास्त नीट तपासतील.

शेवटी कागद पुरे झाले आणि ऑफिसातला तो माणूस पाहणीला येणार असं कळलं. दिवस दिवाळीनंतरचे. मी सकाळी पाववाल्या पदेराकडून जास्तीचे उंडे घेऊन ठेवले, पाव-भाजी करायची म्हणून. साहेबाला घेऊन शेतावर गेले आणि बघते तर काय, वरची मेर अशी गुळगुळीत, अशी सरळ, की दृष्ट लागावी! आपल्या शेतावर साहेब येणार म्हणून वयनीने दोन दिवस खपून मेर चोपली होती, वर शेणाचा हात फिरवला होता. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण सारवतात ना, तसं. स्वतः बाजूला उभी, डोक्यावर पदर, तोंड कौतुकाने फुललेलं.

साहेब मेरेवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. "बाई, एवढी चांगली मेर मी तालुक्यात बघितली नाही," तो म्हणाला. "पण नुकसान कुठे आहे?"

मी सांगितलं, फुटते, दर पावसात फुटते. तो म्हणाला, मला पटतं, वरचा कडा दिसतोय, पण फाईलला पटलं पाहिजे. फुटलेल्या बांधाचा फोटो लागतो, जागेवर उभं राहून काढलेला, मोजमापासकट. भिंत किती रुंद, पाया किती खोल, हे आमचा इंजिनीयर त्या भगदाडावरूनच ठरवतो. "पुढच्या पावसात फुटली की मला फोन करा. मी दुसऱ्या दिवशी येतो. तोवर मेरेला हात लावू नका." मी घरी येऊन ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. वयनी भाजी वाढत होती. "बुजवूक नाय, तर काय करूचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही करायचं. एक दिवस कळ काढ आणि जन्माची कटकट मिटव." तिने मला आणखी एक उंडा वाढला.

पुढच्या पावसात, लावणी झाल्यावर आठच दिवसांनी, मेर फुटली. खरं सांगते, मला आनंद झाला. धावत येऊन फोन केला. साहेब म्हणाला, उद्या नक्की. वयनी मेरेजवळच उभी होती. "चार ढेकळा घालतंय गो, बाकी उद्या," ती म्हणाली. मी तिला हाताला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो, तर मेर बुजवलेली. पहाटे कोणी तरी कामाला जाता जाता उतरलं होतं, ढेकळं घातली होती, वर दगड ठेवले होते. चिखलात पावलं उठलेली स्पष्ट दिसत होती. एरवी त्या पावलांना मी मनात हात जोडले असते. त्या दिवशी माझ्या तोंडून शिवी निघाली. साहेब अकराला येणार आणि इथे पुन्हा चांगलीचुंगली मेर!

"वयनी, काढायला लागेल," मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणते ते. कळलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. "आजपावत ह्या हातांनी मेर फोडूक नाय," ती म्हणाली. "लोकाचीय नाय, आपलीय नाय." मी म्हटलं, तू नको फोडू, मी फोडते. खोरं घेतलं आणि घाव घातला. मला कुठे जमतंय! मी भलतीकडेच खणायला लागले. दोन घाव ती बघत राहिली, मग माझ्या हातातून खोरं काढून घेतलं. "असा न्हय. सगळी जायत अशान." आणि तिनेच ती मेर फोडली. तीसुद्धा कशी? आधी दोन्ही कडांना सपाट दगड बसवले, भोक रुंदावू नये म्हणून; मग मधली माती हळूहळू बाजूला ओढली, वाया जाऊ नये म्हणून तिचा ढीग करून ठेवला. पाणी सुटलं. ते बघायला ती थांबली नाही, घराकडे चालायला लागली.

अकरा वाजले, बारा वाजले. साहेबाचा फोन आला, म्हणाला, वादळात बागायती पडल्यात, आम्हाला सगळ्यांना तिकडच्या पाहणीला लावलंय, परवा येतो, हात लावू नका हं बाई. तो तरी काय करणार? एकाचं नुकसान बघायला दुसऱ्याच्या नुकसानीवरून माणूस काढलेला.

ते दोन दिवस मी वाटेवर छत्री घेऊन राखण केली. हसू येईल, पण केली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "मेरेला हात लावू नका, साहेब यायचा आहे." बायका 'बरा' म्हणून गेल्या. एक म्हातारा मात्र सवयीने चपला काढून खाली उतरलेलाच होता. मी त्याला वर बोलावलं. त्याने एकदा भोकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चपला घालून निघून गेला. माझ्या शाळेत कोणाकडे मी तसं बघितलं असतं तर ते पोर आठवडाभर शाळेत आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाटलं. वयनी जनेलातून बाहेर बघत उभी होती. आमच्या घरातून शेत दिसत नाही, नुसता डोंगर दिसतो, पण तिला डोंगरावरूनच सगळं कळतं. डोंगरावरून लाल पाणी उतरायला लागलं तशी तिने खोरं उचललं आणि दाराकडे निघाली. मी आडवी झाले. "आज येतोय तो. अकराला. सगळं दीड वर्षाचं केलेलं तू अर्ध्या तासासाठी घालवणार?" आणि तिच्या हातातून खोरं घेऊन दाराआड ठेवलं.

तिने ते दिलं. हेच मला खातं. चार शिव्या देऊन, मला ढकलून गेली असती तर! माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, हाडाची शेतकरीण, आणि मी सांगितलं म्हणून खोरं देऊन पाटावर बसली. "तू शिकलेली," म्हणाली. "तुका कळता."

साडेदहाला आवाज आला, वरून दगड लोटल्यासारखा. आम्ही पोचलो तोवर मेर नव्हतीच. कडेला बसवलेले तिचे दोन सपाट दगडही दिसत नव्हते. वरचा कुणगा धुऊन निघाला होता, आणि धुतल्यावर खाली काय उरलं? कातळ, काळा, ओला, चकचकीत. खालचे दोन कुणगे डोंगरावरच्या लाल मुरुमाने भरून गेले होते, रोपांची टोकंही वर नव्हती. वयनी गुडघ्याएवढ्या चिखलात उतरली. वाकून मूठभर उचललं, बोटांत चोळलं, टाकून दिलं. थोडं पुढे जाऊन परत उचललं, परत चोळलं. पाच-सहा ठिकाणी तिने तसं केलं. तिची माती कुठे राहिलीय का बघत होती.

साहेब त्या दिवशीही आला नाही, दुसऱ्या दिवशी आला. फोटो मात्र भरपूर काढले. वर कातळावर उभा राहून मोजायची टेप गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, "बाई, आता हे आमच्याकडे बसणार नाही. आमची योजना शेतातली माती राखायची. इथे माती नाही." बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे बैल गेला तर झोपाही करता येत नव्हता. नैसर्गिक आपत्तीत अर्ज करा, असं त्याने सांगितलं. मी तोही केला. पंचनामा झाला, चौकशी झाली, आणि महिन्याभराने उत्तर आलं की बांध धारकाने स्वतःच फोडल्याचं दिसून येतं, सबब मदत देता येत नाही. गावातल्या कोणी सांगितलं असेल. ज्याने कोणी सांगितलं त्याने खरं तेच सांगितलं. मी भांडायला उठले आणि दारातूनच परत फिरले. भांडणार कशावर?

चवथीच्या आधी पोस्टातून एक कार्ड आलं. मातीच्या तपासणीचं, त्या मुलीने नेलेल्या पिशव्यांचं. वयनी म्हणाली, वाच. मी वाचलं: जमीन सकस, सेंद्रिय अंश उत्तम, आहे तशी टिकवावी. ती निवडत असलेली भाजी हातात तशीच राहिली. "बरी होती मगे," ती म्हणाली. एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, "वयनी, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुजा खंय चुकला? तू कागद नीट केलंस." माझ्या तोंडावर मारलं असतं तरी चाललं असतं.

त्याला आता दोन पाऊस झाले. त्या जागेत काही पिकत नाही. मी एकदा काजूखालचा पातेरा गोळा करून नेला, मुरुमावर ओतला, वाऱ्याने तो दुपारपर्यंत पाण्यात नेऊन घातला. वयनी आली नाही. ती आता दुपारी झोपते. दुकानातून तांदूळ येतो. मी चाळीस वर्षं तेच सांगत होते, तेव्हा माझं बाई खरं झालं.

परवा श्रावणातल्या सोमवारी आम्ही दोघी देवळात निघालो होतो. तीच वाट. ताट ह्या वेळी माझ्या हातात. वळणावर कोणाची तरी मेर फुटलेली, ताजीच, हातभर भोक, आणि पाणी खळाळून जात होतं. मी थांबले. एवढ्या वर्षांत मीही शिकले होते. ताट खाली ठेवलं, चपला काढल्या, साडी खोचली.

वयनी थांबली नव्हती. ती पुढे गेली होती, सावकाश, गुडघे सांभाळत. मी हाक मारली तशी वळून बघितलं तिने, माझ्याकडे आणि त्या भोकाकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. लहान पोराला समजावतात तशी म्हणाली:

"ये गो. हात लावू नको. तेंका फोटो काढूचो आसतलो."